उंदरांसाठी ग्लू पॅड आणलं आणि त्यात पालीचं पिल्लू अडकलं, घ्यायच्या आधी हे वाचा

रेटिंग एक स्टार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मी दुकानात बघितले ते चारही ब्रँड सारखेच होते, पुस्तकासारखं उघडणारं पुठ्ठ्याचं पॅड, आत पिवळट चिकट थर, शेंगदाण्याचा वास, आणि वर मोठ्या अक्षरात नॉन टॉक्सिक, मुलांसाठी आणि पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित असं लिहिलेलं. मी ते सुरक्षित वाचूनच घेतलं. दोनचा पॅक 120 रुपयांना, असे दोन पॅक घेतले.

आमचं सासर चिपळूणजवळ, कौलारू घर, मागे पडवी, पडवीला लागून तांदळाची पोती ठेवायची खोली. पावसाळ्यात शेतात पाणी भरलं की उंदीर घरात येतात हे तिथे दरवर्षीचंच आहे. यावेळी मी मुलीला घेऊन पंधरा दिवस तिथेच होते, काम लॅपटॉपवर, आणि सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पोत्याला पडलेलं भोक दाखवलं. औषध ठेवायला त्यांचा नकार, कारण औषध खाऊन उंदीर कुठेतरी कपाटामागे मरतो आणि मग आठ दिवस वास, शिवाय मांजर तो उंदीर खाते. म्हणून मीच म्हटलं ग्लू पॅड आणूया, विषबिष काही नाही त्यात. म्हणजे आणलं मीच, ठेवलं मीच.

पहिल्या पॅडवर दुसऱ्या रात्री एक छोटा उंदीर सापडला. तो किती वेळ ओरडत होता मला माहीत नाही, पहाटे चारला मला जाग आली ती त्याच आवाजाने. मागचे दोन्ही पाय आणि एक कुशी चिकटलेली, सुटायच्या धडपडीत पोटाकडची कातडी ओढली गेलेली. त्याचं पुढे काय झालं ते लिहीत नाही, लिहावंसं वाटत नाही. खरं तर तेव्हाच उरलेले पॅड फेकायला हवे होते, मी फेकले नाहीत, तांदूळ वाचवायचा होता. दुसरं पॅड उघडून पोत्यांच्या मागे भिंतीला लावून ठेवलं.

दोन दिवसांनी मुलगी ओरडत आली, आई त्या पॅडवर काहीतरी हलतंय. मला वाटलं झुरळ. पॅडवर दोन झुरळं होती, पाचसहा पतंग होते, मुंग्यांची एक रांग चिकटून मेलेली होती, आणि त्या सगळ्याच्या मध्ये काडीएवढं काहीतरी काळपट, डोकं वर उचलून बघत होतं. पालीचं पिल्लू. माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढंही नव्हतं.

हे पॅड घेण्याआधी ज्याचा विचार कोणीच करत नाही ती गोष्ट ही की शेंगदाण्याच्या वासाने आणि चिकटपणाने आधी किडे येऊन अडकतात, आणि ते वळवळणारे किडे बघून पाल येते. म्हणजे पालीसाठी ते पॅड ताट वाढून ठेवल्यासारखं आहे. भिंतीला लावून ठेवा असं पाकिटावर लिहिलेलं असतं, कारण उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, आणि पालही त्याच भिंतीवरून खाली येते. हे चुकून होत नाही, ज्या घरात पाली आहेत त्या घरात हे होणारच, आणि पाली कुठल्या घरात नाहीत? पाकिटावर मात्र यातलं एक अक्षर नाही. चुकून दुसरं काही अडकलं तर काय करायचं हेही नाही. मी पाकीट उलटसुलट करून तीनदा वाचलं. हाताला गोंद लागला तर तेल लावा एवढी एक ओळ होती, आणि तीच शेवटी कामाला आली.

मी आधी घरगुती जनावरांचं बघणाऱ्या एका डॉक्टरांना फोन केला, नाव नको. त्यांनी पाल म्हटल्यावर हसून फोन ठेवला. नवऱ्याला ठाण्याला फोन केला, तो म्हणाला रॉकेल टाक, सुटेल. ते मी केलं नाही आणि कृपा करून कोणी करू नका, रॉकेल, पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही नको, पालीची कातडी आपल्यासारखी जाड नसते आणि तो वास तिच्या नाकाला चिकटूनच राहतो. मग गावातल्या एका सर्पमित्राचा नंबर सासूबाईंच्या डायरीत होता, तो मुलगा नेमका कुठेतरी घोणस पकडायला गेला होता पण फोनवर होता, आणि त्याने जे सांगितलं त्याच्यावर पुढची सगळी गोष्ट पार पडली. ज्यांच्याकडे असा ओळखीचा माणूस नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्र वनविभागाची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन आहे, नंबर 1926. पालीसाठी लगेच गाडी येईल अशी अपेक्षा ठेवू नका, पण तुमच्या भागातल्या प्राणी सोडवणाऱ्या माणसाचा नंबर तरी विचारता येतो.

तो सर्पमित्र म्हणाला, "ताई, सगळ्यात आधी ओढू नका. शेपूट तर धरूच नका."

शेपूट तुटते हे सगळ्यांना माहीत असतं, लहानपणी बघितलेलं असतं, तुटलेली शेपूट वळवळत राहते आणि पाल पळून जाते. परत येते ती शेपूट, पण आतून हाडाच्या मणक्यांऐवजी कूर्चेची, म्हणजे आपल्या कानात असते तशा मऊ हाडाची, एक नळी असते आणि वरून नक्षीही वेगळी दिसते. आणि शेपटीत तिची चरबी साठवलेली असते, उपाशी दिवसांसाठी. एवढ्या लहान पिल्लाची शेपूट गेली म्हणजे त्याचं साठवलेलं बरंचसं गेलं. पण तो म्हणाला की शेपटीपेक्षा भीती पोटाची आहे. पालीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं, ती बरगड्या हलवून श्वास घेते, त्यामुळे पोट आणि कुशी चिकटली की प्रत्येक श्वासाला तिला गोंदाशी झगडावं लागतं. मी तेव्हा जवळून बघितलं. कुशी फार भरभर हलत होती, आणि प्रत्येक वेळी गोंदाचा एक बारीक तंतू ताणला जात होता आणि परत बसत होता. मी ते बघत बसले मिनिटभर. त्यानंतर मात्र हात थांबले नाहीत.

काय केलं ते आता नीट लिहिते, कारण मला त्या दिवशी शोधून मराठीत काही सापडलं नव्हतं.

पहिल्यांदा कात्रीने पॅड कापून पिल्लाभोवतीचा तळहाताएवढा तुकडा वेगळा काढला, म्हणजे बाकी किडे आणि बाकीचा गोंद दूर झाला. मग पिल्लाच्या आजूबाजूच्या उघड्या गोंदावर तांदळाचं पीठ भुरभुरवलं, पिल्लावर नाही, गोंदावर. हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर एक पाय सुटतो आणि तोच पाय दुसरीकडे परत चिकटतो. नाकाजवळ पीठ उडणार नाही एवढं जपून. मग खोबरेल तेल, कान साफ करायच्या काडीचा कापूस तेलात बुडवून, डोक्यापासून लांब, शेपटीच्या टोकाकडून सुरुवात. तेल सोडायचं, थांबायचं. घाई करायची नाही, तेल गोंदाच्या खाली शिरायला वेळ लागतो. दोनतीन मिनिटांनी काडी हळूच शेपटीखालून फिरवायची, ओढायची नाही, लाटल्यासारखी गोल फिरवायची, गोंद आपोआप काडीला गोळा होतो. मग नवीन काडी. माझ्या तेवीस काड्या लागल्या. शेपूट, मग मागचे पाय, मग पोट, पोटाला सगळ्यात जास्त वेळ, मग पुढचे पाय, आणि हनुवटी सगळ्यात शेवटी कारण तिथे तेल नाकातोंडात जायची भीती. डोळ्यालाही जपायचं. पालीला पापण्या नसतात, डोळ्यावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो आणि ती तो जिभेने पुसते, म्हणजे डोळ्याच्या आसपास तेल गोंद राहिला तर तो तिच्या पोटात जाणार.

सासूबाई सुरुवातीला दारातच उभ्या होत्या. त्यांना पालीची किळस आहे, पाल चुकचुकली की अजूनही जमिनीवर बोटं आपटून कृष्ण कृष्ण म्हणतात. पण मागचा पाय सुटत नव्हता आणि मी जरा जोर लावायला लागले तशा त्या पुढे आल्या, "अगो ओढू नको, कातडी येईल हातात, थांब," आणि माझ्या हातातली काडी घेऊन त्यांनी स्वतः तेल सोडलं. साठ वर्षं फणसाचा चीक तेलाने काढलेला हात तो. त्या पायाचं एकेक बोट त्यांनी सुटं केलं. पाच बोटं, प्रत्येक बोट ज्वारीच्या कणीएवढं, त्याला पुढे बारीक नखी. सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली.

सुटल्यावर काम संपत नाही. अंगाला तेल आणि गोंद तसाच राहिला तर धूळ, केस, मुंग्या सगळं चिकटतं. वाटीभर कोमट पाण्यात बेबी शाम्पूचा एक थेंब, त्यात भिजवून पिळलेला कापूस, त्याने अंग टिपून घेतलं, मग साध्या पाण्याच्या कापसाने दोनदा, मग कोरड्या टिश्यूवर ठेवलं. पिल्लू पाण्यात बुडवलं नाही. मागच्या उजव्या पायाच्या दोन बोटांना गोंद राहिलाच, तो आम्ही ओरबाडला नाही. सर्पमित्र म्हणाला राहू दे, पाल कात टाकते तेव्हा बोटांच्या तळव्याची कातडीही निघते, त्याबरोबर जाईल.

त्या तळव्यांबद्दल थोडं लिहिते, कारण हे मी नंतर वाचलं आणि तेव्हा मला पॅडचा जास्तच राग आला. पालीच्या पायाला गोंद नसतो. बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात, त्यावर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस, टोके गेको नावाच्या मोठ्या पालीच्या एका पायावर सुमारे 5 लाख असल्याचं 2000 साली शास्त्रज्ञांनी लिहिलं, आणि त्या केसांची टोकं पुढे शेकडो फाटे फुटलेली. भिंतीच्या आणि त्या टोकांच्या मध्ये अगदी कमी अंतरावर काम करणारं जे रेणूंचं आकर्षण असतं त्यावर ती छताला उलटी चालते, पाऊल टेकवते, सोडवते, सेकंदात कितीतरी वेळा. त्या पायांमध्ये गोंद भरला की ते पाय गेले. भिंतीवर चढता आलं नाही तर पाल शिकारही करू शकत नाही आणि मांजरापासून पळूही शकत नाही. म्हणून सुटलं की लगेच बागेत सोडून द्या हा सल्ला मला पटला नाही, आणि सर्पमित्रानेही दोनतीन दिवस ठेवा, भिंत चढायला लागलं की सोडा असंच सांगितलं.

ठेवलं अर्धा किलो श्रीखंडाच्या पारदर्शक डब्यात. झाकणाला सुई तापवून भोकं पाडली, आतून बाहेर, म्हणजे आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या टोचऱ्या कडा राहत नाहीत. भोकं मात्र खूप बारीक हवीत, एवढं पिल्लू कशातूनही जातं. खाली टिश्यू पेपर, एक बाजू ओलसर, एक बाजू कोरडी, लपायला फणसाचं वाळलेलं पान आणि तिरकी ठेवलेली एक साल. पाण्याची वाटी ठेवली नाही, एवढं पिल्लू बाटलीच्या झाकणातही बुडू शकतं. सकाळ संध्याकाळ डब्याच्या आतल्या बाजूला हाताने चार थेंब शिंपडायचे. ते थेंब ते चाटतं. पहिल्या रात्री चाटताना बघितलं, गुलाबी जीभ, थेंबापेक्षा लहान. मुलगी तिथून हलेना. उन्हात डबा ठेवू नका, बल्ब लावून ऊबही देऊ नका, आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात घरातली हवा पालीला पुरेशी उबदार असते, बंद डबा उन्हात पाच मिनिटात तापतो.

खाण्याबद्दल सगळ्यांनी काहीतरी सांगितलं. दूध, पाव, भात, उकडलेलं अंडं. यातलं काहीही पालीचं खाणं नाही, ती मुख्यतः हलणारे जिवंत किडेच खाते. दूध तर अजिबात नको. पिकून काळं पडलेलं केळं एका बरणीत ठेवलं, दुसऱ्या दिवशी त्यावर चिलटं आली, बरणीचं तोंड डब्याला लावून सातआठ चिलटं आत सोडली. मुंग्या टाकू नका, त्याच पिल्लाला चावतात. पहिले दोन दिवस काही खाल्लं नाही, मी घाबरले, पण एवढं होऊन गेल्यावर जनावर दोन दिवस खात नाही हे साहजिक आहे असं कळलं. तिसऱ्या रात्री लाइट बंद करून मोबाइलचा उजेड भिंतीवर टाकून आम्ही बसलो होतो, तेव्हा ते पानाखालून निघालं, शेपटीचं टोक मांजरासारखं दोनदा हलवलं, आणि चिलट गेलं. सासूबाई म्हणाल्या, "खाल्लंन!" एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की ते परत पानाखाली.

हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा, मुलांचे तर धुवाच. पाल विषारी नसते, आपल्या घरातल्या कुठल्याच पालीला विष नाही, हे मी सासूबाईंनाही सांगितलं. पण तिच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचे जंतू पसरू शकतात, त्यामुळे पोट बिघडतं. दुधात पाल पडली तर दूध टाकायचं ते यासाठी, विषासाठी नाही.

आता ओळखीचा भाग. मुलीला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न, आई हे कुठल्या पालीचं पिल्लू आहे. मला वाटायचं पाल म्हणजे पाल. मी आयनॅचरलिस्ट हे ॲप टाकलं. फुकट आहे, 2008 मध्ये अमेरिकेत बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून सुरू झालेलं, आता स्वतंत्र ना नफा संस्था आहे. फोटो टाकायचा, जागा टाकायची, ॲप स्वतः एक अंदाज देतं आणि मग जगभरातले जाणकार बघून नाव सुचवतात. ग्लू पॅडबद्दल लिहितेय पण या ॲपला मात्र मनापासून पाच स्टार. घराचा पत्ता उघड होऊ नये म्हणून जागा धूसर ठेवायची सोय आहे, ती वापरा.

पहिला फोटो मी वरून काढला होता, धुरकट. एका माणसाने नम्रपणे लिहिलं की डोळ्याचा, पाठीचा आणि बोटांचा खालून फोटो मिळेल का, शेजारी पट्टी ठेवून. श्रीखंडाचा पारदर्शक डबा इथे उपयोगी पडला, पिल्लू भिंतीला चिकटलं की बाहेरून खालचा फोटो निघतो, हात लावावा लागत नाही. लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 43 मिमी, शेपूट सोडून 21 मिमी.

डोळा बघा असं त्याने का म्हटलं ते मला नंतर कळलं. कोकणात आणि सह्याद्रीत छोट्या दिवसा फिरणाऱ्या पाली असतात, नेमास्पिस, त्यांची बाहुली गोल असते, आणि मोठी होऊनही त्या एवढ्याशाच राहतात, म्हणजे माझ्या डब्यात पिल्लू आहे की वाढ झालेली वेगळीच पाल आहे हेही तोपर्यंत नक्की नव्हतं. त्यातल्या कितीतरी जातींना नावं अलीकडेच मिळाली आहेत, नेमास्पिस कोल्हापूरेन्सिस 2009 मध्ये, नेमास्पिस गिरी 2014 मध्ये. आमच्या पिल्लाची बाहुली उजेडात उभी, बारीक फटीसारखी होत होती. म्हणजे रात्रीची पाल, हेमिडॅक्टायलस, आपल्या घरात ट्यूबलाइटशेजारी असतात त्यांच्यातली. पट्ट्या बोटांखाली दुभागलेल्या, तेही फोटोत दिसलं.

पुढे मात्र ॲपवरच्या दोघा जाणकारांचं एकमत झालं नाही. एकाचं म्हणणं साधी घरपाल, फ्रेनाटस, जी चुकचुक आवाज करते, मोठी झाल्यावर तिच्या शेपटीवर बारीक काट्यांची वलयं दिसतात. दुसऱ्याचं म्हणणं पाठीवर दाण्यांच्या ओळी दिसतायत, म्हणजे ब्रूकाय गटातली असावी, आणि त्या गटात आपल्या सह्याद्रीतून 2019 मध्येच हेमिडॅक्टायलस वरदगिरी ही नवीन जात नोंदली गेली आहे, पालींवर काम करणारे वरद गिरी यांच्या नावाची. साताऱ्याच्या नावाचीही एक आहे, सातारेन्सिस, 2008 ची. मी हे सगळं वाचत मध्यरात्रीपर्यंत बसले होते. आमच्या नोंदीवर अजूनही नुसतं हेमिडॅक्टायलस एवढंच आहे, कारण दोन मतं वेगळी पडली की ॲप दोन्हींत जेवढं समान तेवढंच नाव ठेवतं. मला ते आवडलं. मुलीने वहीत लिहिलंय, नाव: हेमिडॅक्टायलस, पुढचं नाव: माहीत नाही.

रंगावरून ओळखायला जाऊ नका एवढं या सगळ्यातून कळलं. पॅडवर ते जवळजवळ काळं होतं. दुसऱ्या रात्री डब्यात बघितलं तर फिकट, साबुदाण्याच्या खिचडीतल्या दाण्यासारखं, पोट एवढं पातळ की आतला गडद ठिपका दिसत होता. सकाळी परत करडं, पाठीवर गडद पट्टे. मला वाटलं आजारी पडलं, पण या पाली उजेडानुसार आणि भीतीने रंग बदलतात.

पाचव्या संध्याकाळी ते डब्याच्या उभ्या भिंतीवर झाकणापर्यंत गेलं, मागच्या उजव्या पायाने जरा घसरत, पण गेलं. त्याच दिवशी सोडलं. पाळायचं नव्हतंच, आणि कोणी पाळूही नका, ते जंगली जनावर आहे, आपल्या घरात राहतं म्हणून आपलं होत नाही. सोडताना लांब शेतात बितात न्यायचं नाही, जिथे सापडलं तिथेच, कारण लपायच्या जागा, किडे सगळं तिथेच असतं. फक्त पोत्यांच्या खोलीत नाही, तिच्या बाहेरच्या पडवीत, मांजराला घरात कोंडून, दिवेलागणीला. डबा भिंतीला टेकवून आडवा धरला. दहा मिनिटं ते डब्याच्या तोंडाशीच थांबलं. मग भिंतीवर एक पाय, दुसरा, आणि वाशाच्या फटीत दिसेनासं झालं. सासूबाई तुळशीपाशी दिवा लावून तिथेच येऊन उभ्या होत्या.

आता उंदरांचं काय, हा प्रश्न येणारच, कारण त्यासाठीच तुम्ही हा रिव्ह्यू उघडला असेल. चार दिवसात या पॅडने एक उंदीर पकडला आणि तांदळाचं नुकसान थांबलं नाही. नंतर जे केलं त्याने थांबलं. तांदूळ पोत्यातून काढून पत्र्याच्या झाकणवाल्या पिंपात भरला. मोरीच्या तोंडाला जाळी बसवली, बारीक लोखंडी, प्लॅस्टिकची नाही, प्लॅस्टिक ते कुरतडतात. कौलं आणि भिंत यांच्यामधल्या उंदीर जाईल एवढ्या फटी गवंड्याकडून सिमेंटने बुजवल्या, भिंतीच्या वरच्या कडेच्या पालींच्या बारीक फटी तशाच ठेवल्या. आणि जुना तारेचा पिंजरा, सुकं खोबरं भाजून लावायचं, त्यात आलेला उंदीर जिवंत असतो आणि चुकून दुसरं काही आत गेलं तर दार उघडून सोडता येतं. त्या पिंजऱ्याला 280 रुपये लागले, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. ग्लू पॅड एकदाच वापरायचं, त्यामुळे स्वस्तही पडत नाही.

कंपनीच्या कस्टमर केअरला मी मेल केला होता, पाकिटावर निदान दोन ओळी छापा, इतर प्राणी अडकल्यास ओढू नका, खाण्याचं तेल वापरा, एवढंच. उत्तर आलं की प्रॉडक्ट वापरलं असल्यामुळे रिटर्न होणार नाही. मी रिटर्न मागितलाच नव्हता. परत लिहिलंय, अजून उत्तर नाही.

ज्यांच्या घरात आत्ता या क्षणी हे पॅड उघडं ठेवलेलं आहे त्यांनी निदान एवढं करा, भिंतीला लावू नका, पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवा ज्याला फक्त उंदीर जाईल एवढं तोंड आहे, पाली तरीही जातील पण कमी जातील, आणि दर दोनतीन तासांनी बघा, रात्रीसुद्धा. बघायला जमणार नसेल तर उचलून टाका.

परवा सासूबाईंचा फोन आला होता. पडवीच्या ट्यूबलाइटजवळ दोन मोठ्या पाली आणि त्यांच्यापासून लांब, मीटरच्या पेटीच्या वर, एक छोटी असते रोज संध्याकाळी. तीच का ते त्यांना सांगता येत नाही, उजवा पाय त्यांना दिसत नाही एवढ्या लांबून, मुलीने मात्र तीच म्हणून ठरवलंय. उरलेले दोन पॅड मी निघायच्या आधीच टाकले. टाकतानाही उघडे टाकू नका, चिकट बाजू एकमेकींवर दाबून बसवायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि सुतळीने बांधायचं, नाहीतर कचऱ्याच्या ढिगावर चिमणी नाहीतर सरडा त्यालाच चिकटतो.